अंतराची खिडकी

१

वर्तमानपत्राच्या मालकांना साक्षात्कार झाला होता की फोटो काढायला फोटोग्राफर लागत नाही. ज्याला लिहिता येतं त्याला बटणही दाबता येतं. मग उद्या छपाईयंत्रालाच संपादक करा की, असं तोफेने भर बैठकीत ऐकवलं. बैठकीतल्या सगळ्यांना आपापल्या चहाच्या कपात अचानक काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं. आठवडा संपायच्या आत फोटोग्राफर घरी बसले आणि एक कोरा करकरीत कॅमेरा तोफेच्या टेबलावर येऊन पडला.

तोफ म्हणजे कचेरीतली सगळ्यात जुनी बातमीदार. हे नाव तिच्या माघारी पडलं होतं. तिला कळलं तेव्हा तिने स्वतःच ते पुढे आणून बसवलं, म्हणजे कुजबुजणाऱ्यांची सोय संपली.

रविवारी दुपारी घरी जेवणाच्या टेबलाशी, भिंतीलगतच्या लांब बाकावर बसून ती त्या कॅमेऱ्याचा मेनू उलगडत होती. फोन स्पीकरवर होता. पलीकडे फ्लॅश होता, घरी बसवलेल्यांपैकी सगळ्यात बडबड्या फोटोग्राफर. नोकरी गेली तरी त्याचा आवाज गेला नव्हता.

"भाषा निवडलीस? तारीख, वेळ?"

"टाकली."

"वेळ नीट टाक हं. तुझं घड्याळ कायम पुढे असतं, भांडायला लवकर पोचता यावं म्हणून."

"तू तुझं बोल."

"फोटोचा दर्जा सगळ्यात वरचा ठेव. आयएसओ, म्हणजे उजेडाची जाण, ऑटो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग, तोही ऑटो. ऊन, सावली, ढग, बल्ब, ट्यूब, सगळं त्याला ओळखता येतं. तू डोकं चालवू नकोस."

"डोकं चालवू नका असं मला मालकही सांगतात."

"त्यांना त्याचे पैसे मिळतात. मी फुकट सांगतोय. आता फोकस. दोन प्रकार आहेत. एक पकडून थांबतो. दुसरा पाठलाग करतो, समोरचा माणूस चालत असेल तर लेन्स त्याच्याबरोबर सरकत राहते. तू पहिला लाव. आणि फोकसचा ठिपका एकच ठेव, मधला. सगळे चालू ठेवलेस तर समोरचं काय महत्त्वाचं ते कॅमेरा स्वतःच्या मनाने ठरवतो."

"संपादकासारखा."

"डिट्टो!"

खोलीच्या मध्यावर खुर्चीत बाबा बसले होते. तोंड समोरच्या भिंतीकडे, पाठ तिच्याकडे. बाकावरून तिला त्यांचा कान आणि गालाचा थोडा भाग दिसत होता. वर्षभरात त्यांनी तिला हाक मारली नव्हती. भरवलं तर खात, उठवलं तर उठत, पण भरवणारी कोण हे डोळ्यांत उमटत नसे. धाकटा भाऊ आज चहाला येणार होता. शहराबाहेरच्या एका चांगल्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झाली होती आणि उद्या सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"ताई, त्यांना तूही एक आणि पगारी बाईही एक," भाऊ फोनवर म्हणाला होता.

"मला ओळखतात ते."

"पुरावा?"

तिचाच शब्द तिच्या तोंडावर. मंत्र्यांपासून मुकादमापर्यंत साऱ्यांना तिने आयुष्यभर हेच विचारलं होतं. एक फोटो दाखवते, तिने भावाला सांगून टाकलं होतं. तेव्हा ज्या कॅमेऱ्यावर ती आठवडाभर दात खाऊन होती त्याच कॅमेऱ्याने तिला आज एक फोटो हवा होता. बाबा तिच्याकडे बघताहेत आणि ती कोण हे त्यांना कळतंय, असा. तो मिळाला तर बाबा घरी राहणार होते.

२

आधी ती भिंतीशी जाऊन बाबांच्या समोर उभी राहिली आणि तिने दोन-चार फोटो काढले. फोटो लख्ख आले. पापण्यांचे केस मोजावेत इतके. पण नजर तिच्यावर नव्हती. ती तिच्यातून आरपार पलीकडे गेली होती, काचेतून जावी तशी. हे फोटो भावाला दाखवणं म्हणजे आपणच आपली फिर्याद मागे घेणं.

बाबा शिंपी होते. उभ्या आयुष्यात त्यांनी वीतभर अंतरापलीकडे बघितलं नव्हतं. सुई, दोरा, काज, काठ. हाक मारली तरी मान खालीच ठेवून "हं" म्हणायचे. तोच माणूस आता दिवसभर डोळे बारीक करून लांब बघत असायचा, आणि समोर होती भिंत. नुसती, फिक्या रंगाची, एक खिळासुद्धा नसलेली.

ती बाकावर परत आली. "बाबा, इकडे बघा. मी मागे आहे." बाबांनी मान वळवली नाही. तरी तिने बटण दाबलं.

फोटोत बाबा धूसर होते. तिने तसं फोनवर सांगितलं.

"ठिपका खांद्यावरून निसटला असेल," फ्लॅश म्हणाला. "फोकस मागच्या भिंतीवर गेला. नवशिक्यांचं होतं असं."

"भिंतही धूसर आहे."

"मग हात हलला."

"टेबलावर टेकवून काढलाय."

"लेन्सवर बघ, एक छोटी खिडकी असेल. आत अंतराच्या आकड्यांची पट्टी. मधल्या रेघेखाली काय आलंय?"

तिने बघितलं. आडवा पडलेला आठ.

"अनंत," फ्लॅश म्हणाला. "म्हणजे खूप लांबचं. डोंगर, चंद्र, असलं काहीतरी. खिडकी आहे का तिथे?"

"भिंत आहे म्हटलं ना!"

"कोरी भिंत असेल तर त्याला धरायला काही सापडत नाही. लेन्स पुढेमागे धडपडते आणि कुठेतरी थांबते. काहीतरी छापील चिकटव तिथे."

पण लेन्स धडपडली नव्हती. एकदाच फिरली होती, आणि फोकस पकडल्याची खूण म्हणून कॅमेऱ्यात हिरवा दिवाही लागला होता. तोफेने कालचा अंक उचलला, आपलीच पानभर बातमी चिकटपट्टीने भिंतीवर लावली. या बातमीचा कुणाला तरी उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ, असं तिच्या मनात आलं. बाकावर येऊन ठिपका मथळ्यावर धरला आणि फोटो काढला.

पट्टी सरकली. आडवा आठ. हिरवा दिवा.

तिने स्वयंपाकघराच्या दाराची कडी धरून बघितली, कडी लख्ख. फ्रीजवरची बरणी लख्ख. बाबांच्या खुर्चीची पाठ लख्ख, खिडकीत दोन मीटर. भिंतीचं अंतर चार मीटर, तेही तिने बाबांच्या जुन्या टेपने मोजून काढलं. घरभर कॅमेरा शहाण्यासारखा वागत होता, आणि बाबा बघत होते त्या जागी मात्र त्याला भिंत लागतच नव्हती.

ती उठली आणि भिंतीवर तळवा ठेवला. गार, खरबरीत, घट्ट. बोटाच्या सांध्याने ठोकून पाहिलं. भिंत ठोकल्यावर येतो तोच आवाज आला. हे तिला का बरं वाटावं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

३

यंत्र बिघडलेलं आहे. मालकांनी स्वस्तातलं घेतलं. इतकं साधं उत्तर हाताशी असताना माणसाने गप्प बसावं. पण तोफेला साधी उत्तरं कधीच पचली नव्हती. तिने भिंतीचा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर घेतला आणि मोठा करत गेली.

वर्तमानपत्राचं पान म्हणजे एक पांढुरका डाग झाला होता. त्या डागातून एक रेघ गेली होती. डागाच्या वरून नव्हे, आतून. केसासारखी बारीक, ब्लेडने ओढावी तशी धारदार. तिने फोटो डावीकडे सरकवला, रेघ कडेपर्यंत होती. उजवीकडेही कडेपर्यंत. रेघेच्या वरची बाजू काळसर. खाली उजेड. संध्याकाळ कुणीतरी उलटी करून ठेवावी, तसा.

तिने पूर पाहिले होते. आगी पाहिल्या होत्या. कोसळलेल्या पुलावर सगळ्यांच्या आधी पोचली होती. प्रत्येक वेळी बातमीचं पहिलं वाक्य तिच्या डोक्यात आपसूक तयार असे. आज पहिलं वाक्य आलंच नाही. ती नुसती बघत राहिली, आणि तिला जे वाटलं त्याला भीती म्हणता आलं नसतं. खोली लहान वाटली. हे घर, हा रस्ता, कचेरी, पाच-पन्नास वर्षांची भांडणं, सगळं एका काड्यापेटीत मावेल एवढं वाटलं, आणि काड्यापेटीची एक बाजू उघडी आहे हे आज कळलं. छाती भरून आली. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा ती अशीच तोंड मिटायला विसरली होती.

"लांब आहे अजून," बाबा म्हणाले.

तिचा हात टेबलावरच थबकला. कित्येक महिन्यांनंतर ऐकलेलं पहिलं अख्खं वाक्य.

"काय लांब आहे, बाबा?"

बाबा डोळे बारीक करून बघत राहिले. त्यांच्या गालावर एक सुरकुती वर सरकली होती. बाबा हसत होते.

४

पुन्हा ठिपका भिंतीवर धरला तेव्हा आडवा आठ रेघेखालून थोडा बाजूला सरकलेला होता.

तिने परत दाबलं. आणखी थोडा.

"मी एका जागी बसलेय, वस्तू एका जागी आहे," ती फोनवर म्हणाली, "आणि अंतर दर वेळी कमी येतंय. असं कधी होतं?"

"वस्तू एका जागी नसली की होतं."

"मस्करी करू नकोस."

"मस्करी कसली, साधं गणित आहे. पाठलागवाला फोकस लाव आणि बटण अर्धं दाबून धर, कळेल. पण समोर आहे तरी काय?"

"भिंत."

"बाई," फ्लॅश म्हणाला, "जेवून जरा आडवी हो. कॅमेरा कुठे पळून जात नाही." आणि त्याने फोन ठेवला.

तिने सेटिंग बदललं आणि बटण अर्धं दाबून धरलं. लेन्समधून बारीक आवाज यायला लागला, मुंगी कागदावरून चालली तर येईल तेवढा. पट्टी थांबली नाही. कुणी घाई न करता, रमतगमतही नाही, ठरलेल्या चालीने यावं, तशी ती सरकत होती. तोफेने भिंगातून बघितलं तर फक्त धूसर भिंत. डोळा काढून बघितलं तर स्वच्छ भिंत. आवाज मात्र चालू.

मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांची हनुवटी खाली येत होती. लांबून येणाऱ्याकडे बघताना, तो जवळ येईल तशी आपली नजर उतरते ना, तशी. पट्टी आणि हनुवटी, दोघींची चाल एक होती.

दाराची घंटा वाजली आणि ती बाकावरच दचकली.

५

भाऊ बिस्किटांचा पुडा घेऊन आला होता. वाईट बातमी सांगायची असली की तो बिस्किटं आणायचा.

"बाबा, कसे आहात?" तो खुर्चीसमोर वाकला. बाबांनी मान थोडी तिरकी केली, वाटेत आलेल्या माणसाच्या बाजूने बघण्यासाठी. भाऊ सरळ झाला. "बघितलंस ना?"

"तू मध्ये उभा होतास."

"कशाच्या मध्ये? भिंतीच्या?" तो बाकाच्या टोकाला टेकला. "ताई, तू खंगत चाललीयेस. कचेरी, घर, त्यांचं सगळं. आरशात बघतेस का कधी? तुला वाटतं मी त्यांना टाकायला निघालोय."

"मला वाटतं तुला घाई झालीय."

"मला भीती वाटते गं. तू पण अशीच एक दिवस भिंतीकडे बघत बसशील."

तिच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे त्याची नजर गेली. तिने तो त्याला दिला. "भिंतीवर धर आणि सांग काय दिसतं."

त्याने धरला. "पेपर दिसतोय. तोही पुसट. माझा नंबर वाढला की तुझी बातमीच तशी आहे?" त्याने कॅमेरा परत दिला. "एक फोटो म्हणत होतीस ना, काढ. त्यात मला दिसलं की त्यांना तू कळतेस, तर मी उद्या त्या लोकांना नाही म्हणून सांगतो. बोलल्या शब्दाला जागेन. नाही दिसलं तर तूही ऐकायचं. चहा मी करतो."

तो स्वयंपाकघरात गेला. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. तोफेने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण अर्धं दाबलं.

पट्टी दहाच्या खाली आली होती.

सात. बाबांनी खुर्चीच्या हातावरची बोटं हलवली. पाच. भिंगात पानाचा डाग आकसायला लागला, त्याला कडा आल्या, काळ्या ओळी आल्या. चार. आणि एकाएकी तिचाच मथळा अक्षर न् अक्षर उमटला, काना, मात्रा, शाईचा ओघळ, चिकटपट्टीखालचा हवेचा बुडबुडा. तिने सुटकेचा श्वास सोडला. भिंत लागली! शेवटी भिंतच होती ती.

मग अक्षरं पुन्हा विरघळली. पट्टी मागे गेली नव्हती. पुढे आली होती.

जे काही होतं ते आता खोलीत होतं.

उठून बाबांना आतल्या खोलीत न्यायला असा काय वेळ लागला असता? तिच्या पायांना ते सुचलंही. पण डोक्यात वेगळाच हिशोब झाला होता. बाबांची नजर त्याच्यामागोमाग फिरते. ते बाबांपाशी आलं, बाबांना ओलांडून इकडे आलं, तर बाबा मान वळवतील. इकडे. माझ्याकडे. बातमी घरात शिरलेली असताना तोफ जागेवरून उठली नाही. तिच्या धंद्यातली माणसं उठत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या घरच्यांना ती आवडत नाहीत.

६

तीन. अडीच. भांड्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

दोन. बाबांची पाठ, मानेवरचे पांढरे केस, सदऱ्याच्या कॉलरची शिवण, सगळं लख्ख झालं. बसलेल्या माणसाने कुणाला वाट द्यावी तसे बाबांनी पाय जवळ घेतले. अंग चोरलं. मान हळूहळू बाजूला वळली, खांद्यापर्यंत, खांद्याच्या पुढे. तोफेने अंगठ्याने लेन्सवरचा खटका ऑटोवरून मॅन्युअलवर सरकवला, म्हणजे फोकस बाबांवर रुतून राहील. पट्टी दोनवर थिजली.

बाबांनी मागे वळून बघितलं.

वर्षभर विझलेला चेहरा पेटला होता. डोळे भरलेले, ओठ किंचित उघडे, एखाद्याची वाट बघून बघून थकावं आणि त्याने दारात उभं राहावं, तसा आनंद. तिने बटण पूर्ण दाबलं. कॅमेऱ्यातला आरसा वर गेला, एक क्षण काळोख, आणि आरसा खाली आला.

"ताई," भाऊ दारात उभा होता. हातात कप होते आणि एकातला चहा बशीत सांडत होता. "ओळखलं गं. ओळखलं त्यांनी तुला."

तिने पडदा त्याच्यापुढे धरला. फोटोत बाबा होते, आणि त्यांच्या गालावर उजेड होता. तो उन्हाचा नव्हता, सावलीचा नव्हता, ढगाळ नव्हता, बल्बचा नव्हता, ट्यूबचा नव्हता. कॅमेऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले सगळे उजेड लावून पाहिले असावेत आणि मग हात टेकून तो होता तसा ठेवला असावा. बाबांच्या मागे भिंत नव्हती. तिथे काय होतं ते भावाला दिसण्याआधीच तोफेने त्यावर अंगठा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने पुराव्यावर बोट ठेवलं ते झाकण्यासाठी.

भावाने कप टेबलावर ठेवले आणि बाहीने डोळे पुसले. "मी आत्ताच सांगतो त्या लोकांना. नको म्हणून. शब्द म्हणजे शब्द." तो फोन घेऊन गॅलरीत गेला. "नाही, नाही," त्याचा आवाज आला, "वडील घरीच राहणार आहेत. माझ्या बहिणीकडे."

जिंकली होती ती. इथे थांबायला हरकत नव्हती. पण मिळालेली माहिती दुसऱ्या बाजूने तपासल्याशिवाय खरी धरायची नाही, ही खोड तिच्या हाडीमाशी मुरलेली. बाबा अजून बघत होते, त्याच आनंदाने, तिच्याच दिशेने. माझ्याकडेच ना? तिने खटका पुन्हा ऑटोवर टाकला, ठिपका बरोबर बाबांच्या डोळ्यांवर धरला आणि बटण अर्धं दाबलं. दोनवर थांबायला हवं होतं.

पट्टी दोनवरून निघाली. दीड. एक. मुंगीचा आवाज. अर्धा मीटर. पट्टी शेवटच्या आकड्याला जाऊन भिडली, टक् करून थांबली, आणि लेन्स तिथेच थरथरत राहिली. याच्याहून जवळचं तिला दिसत नव्हतं.

तोफेने कॅमेरा खाली घेतला. समोर टेबल होतं, दोन कप होते, दुपारची स्वच्छ हवा होती. कपांवरची वाफ सरळ वर जात होती आणि मध्येच, काही कारण नसताना, दोन्हीकडे फाकून पुन्हा एकत्र येत होती. तिच्या अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हता. छाती भरून आली होती, मघाशी ती रेघ बघताना आली होती तशीच, फक्त आता त्या सगळ्या अफाट लांबीचं टोक टेबलाच्या कडेशी येऊन उभं होतं.

"पोरी," बाबा म्हणाले.

पोरी कुणालाही म्हणता येतं, तिची बुद्धी म्हणाली. भाजीवालीला, परिचारिकेला. पण बाबांनी ते जुन्याच सुरात म्हटलं होतं, काजावरची नजर न काढता मायेने म्हणायचे त्या सुरात.

"पोरी, सरक जरा. बसू दे."

तोफ कॅमेरा पोटाशी धरून बाकाच्या टोकाला सरकली. बाकाची फळी शेजारी हलकेच दबली, दमलेल्या माणसाने बेताने टेकावं तशी. गॅलरीत भाऊ अजून कुणाला तरी आनंदाने सांगत होता. तिला ओरडावंसं वाटलं नाही, पळावंसं वाटलं नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच, की इतक्या लांबून आलेल्याला आधी पाणी विचारायला हवं.